४१ ची बेरीज जुळली, पत्ते मात्र चुकले

वाळूजच्या एका कारखान्यात नेटवर्कच्या कामाला लागून मला तीन आठवडे झाले होते. ऑफिसातल्या संगणकांना १९२.१६८.१०.१० ते १९२.१६८.१०.५० असे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे क्रमांक) होते आणि तेवढ्यांनाच सर्व्हर उघडायचा होता. पण तिथल्या फायरवॉलला, म्हणजे कोणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेला, 'इथपासून तिथपर्यंत' चालत नव्हतं. त्याला सीआयडीआर ब्लॉकच, म्हणजे ठरावीक आकाराचे सलग पत्त्यांचे गटच, हवे होते.

परभणीकडच्या आमच्या गावात आजी ज्वारी मापायची. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सीआयडीआरची मापंही अशीच दुपटीनं वाढतात. स्लॅश ३२ म्हणजे एक पत्ता, ३१ म्हणजे दोन, ३० म्हणजे चार, असं करत स्लॅश २७ म्हणजे बत्तीस. मी ज्वारीसारखंच मोजलं. एकूण पत्ते ४१, म्हणजे ३२ अधिक ८ अधिक १. शेवटच्या आकड्यापुरतं सांगायचं तर १०/२७, ४२/२९ आणि ५०/३२ असे तीन ब्लॉक टाकले आणि निर्धास्त घरी गेलो.

सकाळी दहा जणांचा सर्व्हर बंद. त्याहून वाईट म्हणजे ० ते ९ हे पत्ते उघडे पडले होते, आणि त्यात कॅमेरे होते. आमच्या सीनियरनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "अरे, बत्तीसचा ब्लॉक दहापासून सुरूच होत नाही. तो शून्यापासून होतो, नाहीतर बत्तीसपासून."

ज्वारीत आणि पत्त्यांत फरक आहे तो एवढाच. पायली कुठूनही भरता येते. ब्लॉक मात्र स्वतःच्या आकारानं भाग जाणाऱ्या आकड्यापासूनच सुरू होतो. माझा १०/२७ खरं तर ० ते ३१ होता आणि ४२/२९ होता ४० ते ४७. मधले ३२ ते ३९ आणि ४८, ४९ बाहेर राहिले. दहा जास्त, दहा कमी, म्हणून बेरीज जुळली!

तेव्हापासून मी असं करतो. सुरुवातीच्या आकड्याला १, २, ४, ८ अशा दुपटीच्या मापांतलं कोणतं मोठ्यात मोठं माप भाग देतं आणि शेवटाच्या पुढे जात नाही, ते घ्यायचं. मग पुढच्या आकड्यापासून पुन्हा तेच. दहाला दोननं भाग जातो, म्हणून १०/३१. बाराला चारनं, १२/३०. सोळाला सोळानं, १६/२८. बत्तीसला बत्तीसनं जातो, पण तो ब्लॉक ६३ पर्यंत पोचतो. म्हणून अर्धा, ३२/२८. उरले तीन पत्ते : ४८/३१ आणि ५०/३२. सहा ब्लॉक.

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूलमध्ये हे एका ओळीत होतं. शिवाय १९२.१६८.१०.१०/२७ हे नेटवर्क म्हणून दिलं तर ते सरळ एरर देतं. मी आधी तिथे तपासलं असतं तर ती सकाळ टळली असती. तरी पहिली दहा-बारा गणितं वहीवरच करा, म्हणजे एरर का आली ते कळेल.

एक देऊन ठेवतो : १०.०.०.२५० ते १०.०.१.५ (१०.०.०.२५५ च्या पुढचा पत्ता १०.०.१.०). उत्तर चार ब्लॉकचं येतं, दोन, चार, चार आणि दोन पत्त्यांचं. मधले दोन्ही चार-चारचे ब्लॉक अगदी शेजारी असूनही आठचा एक का होत नाही, ते २५२ ला आठनं भागून बघा.