बहावा बियांपासून कसा लावायचा

बहाव्याच्या बिया पेरल्या, महिना झाला तरी काहीच उगवलं नाही म्हणून बरेच जण नाद सोडतात. बी बहुतेक वेळा चांगलंच असतं हो, पण कवच इतकं टणक की पाणी आत शिरतच नाही.

शेंग पूर्ण पिकलेली घ्या, काळपट तपकिरी, हलवली की खुळखुळणारी. पिकायला बरेच महिने लागतात त्यामुळे उन्हाळ्यात झाड पिवळंधमक फुललेलं असतं तेव्हा मागच्या सालच्या दोन-दोन फुटी शेंगा पण सोबत लटकत असतात, त्याच काढायच्या. बत्त्याने ठोकून फोडा. आत नाण्यांची चळत रचावी तसे कप्पे, एकेका कप्प्यात काळा चिकट गर आणि चपटं चकचकीत बी. गर धुऊन टाका, बोटांना भयंकर चिकटतो.

आता खरं काम. बी पॉलिश पेपरवर एका कडेला घासायचं, टोकाकडची बाजू सोडून, कारण कोंब तिथून निघतो. तपकिरी रंग जाऊन खालचा फिकट थर दिसला की बास. मग रात्रभर साध्या पाण्यात. सकाळी जे टम्म फुगलंय ते पेरायचं, जे तसंच राहिलंय ते परत घासा, फेकू नका. गरम पाणी ओतायची पण पद्धत आहे, पण त्यात काही बिया शिजून जातात, मला पॉलिश पेपरच बरा वाटतो.

पिशवी खोल घ्या, सोटमूळ भराभर खाली जातं. बी सेंटीमीटरभर खोल, माती ओलसर, चिखल नको. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतो.

रोप फूट-दीड फूट झालं की जमिनीत लावा, भरपूर ऊन आणि पाणी न साचणारी जागा बघून. पानगळीत झाड पार बोडकं होतं, तेव्हा वाळलं समजून उपटू नका, फांदी नखाने खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे. पानांवर हिरव्या अळ्या दिसतील, पिवळसर फुलपाखरांच्या असतात, थोडी पानं खाल्ली तर खाऊ देत, फवारणी कशाला? फुलांसाठी मात्र काही वर्षं थांबावं लागतं.

औषधाचं म्हणाल तर आयुर्वेदातला आरग्वध हाच, शेंगेतला मगज पोट साफ व्हायला देतात. पण तो रेचक आहे, जास्त झाला तर मुरडा आणि जुलाब, म्हणून घरी शेंग फोडून चाटून बघायचे प्रयोग नकोत, वैद्यांना विचारूनच घ्या, गरोदरपणात आणि लहान मुलांना तर नक्कीच.