ओपीटीवर (स्टुडंट व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर) असाल तर पे-स्टबवरच्या (पगारपावतीवरच्या) या दोन ओळी बघा

सांगली-मिरजेकडून अमेरिकेत एमएसला आलेल्या पोरांना एप्रिल, म्हणजे टॅक्स रिटर्नचा महिना, जवळ आला की दोनच सल्ले मिळतात. घरून, "आपल्या सीएंना विचार की." आणि इथल्या सीनियरकडून, "टर्बोटॅक्स टाक, दहा मिनिटांत होतंय." दोन्ही ऐकू नका. विश्रामबागचे सीए पप्पांचा हळदीचा हिशेब डोळे झाकून करतील, पण १०४०-एनआर, म्हणजे नॉन-रेसिडेंटचा इथला रिटर्न फॉर्म, त्यांच्या रोजच्या कामातला नाही. टर्बोटॅक्स या रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये तर तो फॉर्मच नाही. तिथं रेसिडेंटचा साधा १०४० भरला जातो, त्यात शिक्षणाचं क्रेडिट (शिक्षणखर्चाबद्दल करातली सूट) मिळतं, रिफंड फुगतो आणि सीनियर खूश. नॉन-रेसिडेंटला ते क्रेडिट नसतंच. मग १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून, व्याजासकट पैसे परत करा.

एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी नॉन-रेसिडेंट, कमाई शून्य असली तरी फॉर्म ८८४३ (इथल्या मुक्कामाची माहिती) भरायचा, पगार असेल तर रिटर्नची मुदत १५ एप्रिल, हे तुम्हाला माहीत असणार. आपल्या पोरांना भारत-अमेरिका कर-कराराच्या कलम २१(२) मुळे स्टँडर्ड डिडक्शनही मिळतं, तेवढं विसरू नका. चिनी रूममेटचा फॉर्म बघून भरू नका, त्यांचा करार वेगळा.

आता खरा मुद्दा. ओपीटीवर पहिला पगार झाला की पे-स्टब कुणी उघडत नाही. उघडा. फेडरल टॅक्सखाली सोशल सिक्युरिटी (पेन्शनसाठीची कपात) ६.२ टक्के आणि मेडिकेअर (म्हातारपणच्या आरोग्य विम्याची कपात) १.४५ टक्के कापलेत का बघा. एफ-१ वरच्या नॉन-रेसिडेंटला हे दोन्ही लागू नाहीत, ओपीटीवरही नाहीत. हजार डॉलरमागे साडेशहात्तर जातात. माझे महिनोन्महिने जात होते. पेरोलवालीला विचारलं तर म्हणे, सगळ्यांचेच कापतो. टीम लीड आपल्याकडचाच, तो म्हणाला, "सोड रे, म्हातारपणी मिळतील." असल्यांना इथं मेंटॉर म्हणतात.

आणि नीट ऐका, रिटर्न भरून हे पैसे परत येत नाहीत. डब्ल्यू-२ च्या, म्हणजे कंपनीच्या वार्षिक पगार-दाखल्याच्या, बॉक्स २ मधला फेडरल टॅक्स १०४०-एनआर मध्ये हिशेबात येतो. बॉक्स ४ आणि ६ मधले हे पैसे त्या हिशेबात नसतातच, त्यामुळे रिफंड आला म्हणून सगळं मिळालं असं समजू नका. आधी कंपनीकडे लेखी मागा. त्यांनी दिले तर दुरुस्त डब्ल्यू-२सी घ्या. नाही म्हणाले तर तो नकाराचा मेल जपून ठेवा आणि फॉर्म ८४३ (परतावा मागायचा अर्ज) सोबत ८३१६ (कंपनीनं पैसे दिले नाहीत याची माहिती) जोडून आयआरएसला, म्हणजे इथल्या कर खात्याला, पाठवा. व्हिसा, आय-९४ (प्रवेशाची नोंद), आय-२० (कॉलेजचा दाखला), ईएडी (कामाच्या परवानगीचं कार्ड), डब्ल्यू-२ च्या प्रती लागतात. सगळं कागदावर, पोस्टानं. उत्तराला महिने लागतात. पण घाबरू नका, साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि हक्काचं मागितलं म्हणून व्हिसाला काही होत नाही. मधे घर बदललंत तर फॉर्म ८८२२ नं पत्ता कळवा, नाहीतर त्यांचं पत्र जुन्या घरी पडून राहील.

फक्त वर्षं नीट मोजा. ऑगस्ट २०२१ ला उतरलेल्याचं २०२१ अख्खं धरतात, म्हणजे पाच वर्षं डिसेंबर २०२५ ला संपली. २०२६ भर इथंच असाल आणि कापलं, तर तुम्ही आता रेसिडेंट, ते बरोबर आहे, पेरोलवालीशी भांडू नका.

रेसिडेंट झाल्यापासून सांगलीतल्या एफडीचं व्याजही इथल्या रिटर्नमध्ये येतं, आणि अमेरिकेबाहेरच्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहितीही, भरावी लागते. इथं मात्र विश्रामबागचे सीए खरोखर कामाचे. व्याजाचा दाखला जानेवारी ते डिसेंबरचा काढून द्या म्हणावं. बँक विचारल्याशिवाय मार्चअखेरचाच देते.