हायबरनेट वापरताय? मग या चुका टाळा

बॅगेतून लॅपटॉप काढला तर तवा तापावा तसा तापलेला, आणि बॅटरी ४ टक्क्यांवर. माझ्यावर ही वेळ एकदा नाही, तीनदा आली. तिन्ही वेळा मी नुसतं झाकण लावून निघालो होतो. दोष लॅपटॉपचा नव्हता. झाकण लावलं म्हणजे तो हायबरनेट झाला, असं मीच धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो स्लीपमध्ये जात होता.

स्लीपमध्ये तुमचं उघडं काम रॅममध्येच, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या मेमरीतच राहतं. वीज गेली की रॅम सगळं विसरते, म्हणून तिला बॅटरी सतत थोडी थोडी पाजावी लागते. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून घेतलं जातं आणि मग मशीन खरोखर बंद होतं. साधा हिशोब करा. बॅटरी ५० वॉट-अवरची आणि स्लीपमधला खर्च अर्धा वॉट धरला, तर पूर्ण भरलेली बॅटरी १०० तासांत, म्हणजे चार दिवसांत रिकामी. त्यात बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतं. स्क्रीन काळी, पण आत वायफाय जागं राहू शकतं, मेल उतरत राहतात. बॅगेत लॅपटॉप तापतो तो बहुतेक वेळा याच्यामुळे.

झाकणाचं सेटिंग आहे तसंच ठेवणं

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, आणि डावीकडे झाकण लावल्यावर काय करायचं ते निवडायची लिंक. बॅटरीवर असताना हायबरनेट आणि चार्जर लावलेला असताना स्लीप, अशी जोडी मला सगळ्यात सोयीची वाटते. मात्र दहा मिनिटं उठायचं असेल तर हायबरनेट करू नका. काही जीबी डेटा लिहायचा आणि परत वाचायचा, यात वाचते त्याहून जास्त वीज आणि वेळ जाऊ शकतो. मधला मार्गही आहे: ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘हायबरनेट आफ्टर’ असेल तर तिथे ६० मिनिटं टाका. आधी स्लीप, तासाभरानं आपोआप हायबरनेट.

पर्यायच दिसत नाही

पॉवर मेनूत हायबरनेट बऱ्याचदा लपवलेला असतो. वरच्याच पानावर ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ दाबलं की खाली हायबरनेटची चौकट उघडते. तिथे टिक करा. चौकटच नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘पॉवरसीएफजी /ए’ ही कमांड द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत, पॉवर आणि सीएफजी सलग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ए). मशीनला काय जमतं, काय जमत नाही आणि का, हे ते स्वतःच सांगतं. हायबरनेट सुरू केलेलं नाही असं उत्तर आलं, तर ‘पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन’.

ते बंद कुणी केलं, असा प्रश्न पडला तर आठवून बघा. सी ड्राइव्ह भरला म्हणून कुठल्याशा टिपा वाचून ‘हायबरफिल’ नावाची जाडजूड फाइल उडवली होती का? रॅममधलं सगळं उतरवायची जागा तीच. विंडोज १० मध्ये ती सहसा रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमला साधारण साडेसहा जीबी. ती घालवायला हायबरनेट बंद केलं की फास्ट स्टार्टअप, म्हणजे मशीन झटपट सुरू करायची सोय, तीही जाते. जागा हवी असेल तर डाउनलोड्सचं फोल्डर आधी आवरा.

स्क्रीन काळी झाली म्हणजे काम झालं नव्हे

पॉवरचा दिवा विझेपर्यंत थांबा. जुन्या हार्डडिस्कवर आणि भरलेल्या रॅमवर याला चांगलाच वेळ लागतो. त्याच वेळी वैतागून पॉवरचं बटण दाबून धरलं तर अर्धवट लिहिलेला डेटा वाया जातो आणि पुढच्या वेळी मशीन कोरं सुरू होतं. म्हणून हायबरनेट करण्याआधी कंट्रोल-एस दाबून काम जतन करायची सवय ठेवा.

पेनड्राइव्हवरची फाइल उघडी ठेवून हायबरनेट केलं आणि मग तो काढून दुसऱ्या मशीनला लावला, तर फाइल बिघडू शकते. विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर जास्त सांभाळा: विंडोज हायबरनेटमध्ये असताना लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या तिच्या भागावर) काही लिहू नका. रॅम बदलायची असेल तेव्हाही आधी नीट शटडाउन.

नीट म्हणजे कसं, हेही बघा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शटडाउन’ हे अर्धं हायबरनेटच असतं. विंडोजचा गाभा डिस्कवर उतरवून ठेवला जातो. अगदी कोरी सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’. महिनाभर फक्त हायबरनेटवर चालवलेलं मशीन मंद झालं, तर पहिला उपाय हाच.

जागं होताना काळी स्क्रीन

बटण दहा सेकंद दाबून बंद करा, पुन्हा सुरू करा. जतन न केलेलं काम गेलं, ते मान्य करावंच लागतं. वारंवार होत असेल तर वरच्या कमांडनं हायबरनेट ऑफ करून परत ऑन करा, म्हणजे ती फाइल नव्यानं बनते. तरीही नाही जमलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा.

हायबरनेटच्या लिहिण्यानं एसएसडी (चिपवर चालणारी डिस्क) झिजते, ही भीती मात्र सोडा. रोज ४ जीबी लिहिले तरी वर्षाला दीड टीबीच्या (एक टीबी म्हणजे हजार जीबी) आत, आणि ५०० जीबीच्या बऱ्याच एसएसडींना कंपनी शेकडो टीबी लिहिण्याची हमी देते.

जुन्या बॅटरीसाठी एक सेटिंग आजच बदला. बॅटरी अगदी संपत आल्यावर लॅपटॉप आपोआप हायबरनेट होतो, पण थकलेली बॅटरी ५ टक्के दाखवत असतानाच दगा देते. मग डिस्कवर लिहायलाही वीज उरत नाही. ‘क्रिटिकल बॅटरी लेव्हल’ १० टक्क्यांवर नेऊन ठेवा.