गोळी रोज घेताय, तरी थकवा जात नाही? थायरॉइडचा डोस बदलण्याआधी आणि बदलताना

लिव्होथायरॉक्सिन (थायरॉइड कमी असल्यावर देतात ती हार्मोनची गोळी) सुरू होऊन काही महिने झाले, तरी अंग जड, केस गळतात, पोट साफ होत नाही, पंखा लावला की थंडी वाजते. अशा वेळी पहिला विचार डोस वाढवण्याचा येतो. पण पुष्कळदा डोस पुरेसा असतो, फक्त तो आतड्यातून रक्तात नीट उतरत नसतो. किंवा रक्तात उतरलेला असतो आणि थकव्याचं कारण दुसरंच असतं. म्हणून आधी या दोन शक्यता तपासा. डोस मात्र डॉक्टरांशी बोलूनच बदला. हे औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. थोडासा फरकही शरीराला कळतो.

सुरुवात गोळी घेण्याच्या पद्धतीपासून. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. यात चहा-कॉफीही आली. 'फक्त अर्धा कप' हाच बहुतेक घरांतला घोटाळा असतो, कारण कॉफीने औषधाचं शोषण कमी होतं आणि दुधातल्या कॅल्शियमनेही. सकाळी चहा सुटतच नसेल, तर रात्रीच्या जेवणानंतर निदान तीन तासांनी, झोपताना गोळी घेतली तरी चालते. फक्त एक वेळ ठरवा आणि तीच पाळा. उपासाच्या दिवशी गोळी टाळू नका.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांमध्ये आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं. मल्टीव्हिटॅमिनमध्येही बहुधा हे दोन्ही असतात, ते लक्षात येत नाही. अँटासिडलाही हाच नियम. आम्लपित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेत असाल, तर अंतर ठेवून फारसा उपयोग नाही. पोटातलं आम्लच कमी झाल्याने गोळी नीट विरघळत नाही आणि डोस वाढवावा लागू शकतो. सोयाबीनचे पदार्थ आणि इसबगोल गोळीच्या आसपास नकोत.

बाटलीही बघा. गोळ्या उष्णता, उजेड आणि दमटपणाने खराब होतात. ओट्यावर गॅसजवळ किंवा बाथरूमच्या कपाटात त्या ठेवू नका. कोकणातल्या पावसाळ्यात तर बाटलीचं झाकण घट्ट लावलेलं आहे ना, हे रोज पाहावं. आठवड्याच्या डबीत काढून ठेवायच्या असतील, तर एकाच आठवड्यापुरत्या काढा.

गोळी चुकण्याचं काय? शरीरातलं निम्मं औषध संपायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे एखादा दिवस चुकल्याने काही बिघडत नाही; त्याच दिवशी आठवली की घ्या. आठवड्यात दोन-तीन चुकायला लागल्या की टीएसएच चढतो (हे मेंदूतळाच्या पिट्यूटरी ग्रंथीचं हार्मोन; थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की ते वाढतं). मग तपासणी जवळ आली की चार दिवस शिस्तीत गोळ्या घेतल्या जातात. अशा रिपोर्टमध्ये फ्री टी४ (रक्तातलं थायरॉइडचं मोकळं हार्मोन) चांगला आणि टीएसएच मात्र वाढलेला दिसतो. जाणकार डॉक्टर हे लगेच ओळखतात. त्यांना खरं सांगा, नाहीतर गरज नसताना डोस वाढेल.

तपासणीसाठी शक्यतो तीच लॅब आणि तीच वेळ ठेवा. त्या दिवशी रक्त दिल्यावर गोळी घ्या, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी४ तात्पुरता वाढलेला दिसतो. केसांसाठी बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) घेत असाल, तर ते निदान दोन-तीन दिवस आधी बंद करा. काही लॅबच्या पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त येतो. म्हणजे डोस कमी पडत असतानाही तो जास्त झालाय असं वाटू शकतं.

इतकं होऊनही टीएसएच वरच असेल, तर डोस वाढवण्याचा प्रश्न येतो. थायरॉइड ग्रंथी जवळजवळ बंद पडलेल्या प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोला १०० च्या आसपास. ग्रंथी थोडी काम करत असेल, तर कमी. त्याच वजनाला २०० लागत असतील, तर शोषणात अडचण आहे असं धरून सिलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनने होणारा आतड्याचा आजार), हेलिकोबॅक्टर (जठरातला जंतू) आणि जठराचे इतर आजार शोधावे लागतात. क्षयाचं रिफाम्पिसिन, फिटच्या काही गोळ्या आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही गरज वाढते.

बदल सहसा १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमचा असतो. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्यांना तर १२.५ च्याच पायरीने. जुनी बाटली संपवायची असेल, तर डॉक्टर आठवड्याच्या हिशेबाने सांगू शकतात: पाच दिवस १०० आणि दोन दिवस ७५ म्हणजे रोजची सरासरी ९३ च्या जवळ. बदल केल्यावर ६ ते ८ आठवडे थांबा. त्याआधीचा टीएसएच अर्धवट चित्र दाखवतो आणि त्यावर पुन्हा डोस बदलला की वर-खाली फेऱ्या सुरू होतात. कंपनी बदलली, तरी एवढ्याच अवधीने पुन्हा तपासा. थकवा काही आठवड्यांत हलका होतो, केस आणि त्वचेला मात्र काही महिने लागतात.

टीएसएच ०.४ ते ४ च्या दरम्यान आहे आणि तरीही त्रास आहे, तर आणखी गोळी वाढवण्यात शहाणपणा नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व आणि साखर बघा. शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता फार आढळते. झोपेत घोरणं, नैराश्य, रजोनिवृत्तीचा काळ यांचीही लक्षणं हीच असतात. वजनाबाबत एक कटू गोष्ट: थायरॉइडमुळे सहसा थोडेच किलो वाढतात आणि त्यातलं बरंचसं पाणी असतं, त्यामुळे १५ किलो गोळीने उतरणार नाहीत. टी३ (थायरॉइडचं दुसरं हार्मोन) जोडण्याचा प्रयोग फक्त हार्मोनतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावा. पिट्यूटरीच्या आजारामुळे थायरॉइड कमी असेल, तर टीएसएचवर भरवसाच ठेवता येत नाही; तिथे फ्री टी४ पाहूनच डोस ठरतो.

डोस जास्त झाला की छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप उडणं सुरू होतं. फार काळ तसंच राहिलं, तर हृदयाची लय बिघडते आणि विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडं ठिसूळ होतात. छातीत दुखलं किंवा ठोके वेडेवाकडे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाळी चुकली आणि गर्भ राहिल्याचं कळलं, तर मात्र ६ आठवड्यांची वाट पाहायची नाही. गरज लगेच २५ ते ३० टक्क्यांनी वाढते, म्हणून त्याच दिवशी फोन करा. बरेच डॉक्टर आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या सांगतात आणि गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात दर ४ आठवड्यांनी टीएसएच तपासतात.