फिजीच्या गावात स्वयंसेवक म्हणून जाताय? या चुका टाळा

फिजीतल्या एखाद्या बेटावर काही आठवडे काम करायला जायचं ठरलं की आधी सनस्क्रीन आणि औषधांची यादी होते. ती व्हायलाच हवी. पण तिथे गेल्यावरचे बरेचसे घोटाळे बॅगेतल्या सामानामुळे होत नाहीत. मदत करायला आलोय या भरात आपण आधी पाहुणे आहोत, हेच माणूस विसरतो, आणि मग एकेक गोष्ट अडत जाते.

पर्यटक म्हणून उतरायचं आणि कामाला लागायचं

भारतीय पासपोर्टवर फिजीत फिरायला जायचं तर आधी व्हिसा काढावा लागत नाही. त्यामुळे ‘पगार घेत नाही, मग परवाना कशाला’ असं अनेकांना वाटतं. काम बिनपगारी असलं तरी इमिग्रेशनच्या लेखी ते काम ठरू शकतं. कोणता परवाना लागेल आणि तो कोण काढणार, हे बोलावणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या. ‘विचारलं तर फिरायला आलोय म्हणून सांगा’ असं सुचवणारी संस्था तिथल्या तिथे सोडून द्या. जी पहिल्याच पायरीवर खोटं बोलायला लावते, ती पुढे अडचणीत पाठीशी उभी राहणार नाही. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमार्गे जात असाल तर तिकीट काढण्याआधी ट्रान्झिट व्हिसाचं बघा. विमानतळावर उतरल्यावर खाण्याचे पदार्थ, बियाणं, मध, लाकडी वस्तू फॉर्मवर लिहून मोकळे व्हा. लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

थेट गावात शिरणं

नवखी माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती इथे. गाव म्हणजे कोरो, आणि तिथे परवानगीशिवाय हिंडता येत नाही. आधी सेवुसेवु करायचा, म्हणजे भेट देऊन गावात येण्याची रीतसर परवानगी मागायची. त्यासाठी यांगोनाच्या, म्हणजे कावाच्या, मुळ्यांची जुडी लागते; या झुडपाच्या मुळ्यांपासून तिथलं पारंपरिक पेय करतात. ती नांदी, लौतोका किंवा सुवा या शहरांच्या बाजारात कागदात गुंडाळून मिळते. साधारण अर्धा किलो पुरते. पूड नको, अख्ख्या मुळ्या घ्या. बोटीत बसण्याआधीच घ्या, कारण लहान बेटावर मिळेलच असं नाही.

टोपी आणि गॉगल गावाच्या वेशीवरच काढायचे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. स्त्री असो वा पुरुष, कमरेला सुलु, म्हणजे लुंगीसारखं कापड, गुंडाळला की प्रश्न मिटतो. चपला दाराबाहेर. आत चटईवर मांडी घालून बसा, पाय कोणाच्या दिशेने पसरू नका. जुडी हातात न देता समोर चटईवर ठेवायची. बोलण्याचं काम तुम्हाला घेऊन आलेला माणूस करतो, मध्येच स्वतःची ओळख करून द्यायला जाऊ नका. मग तानोआ या लाकडी भांड्यात यांगोना कालवला जातो आणि नारळाच्या करवंटीतून एकेकाला दिला जातो. करवंटी घेण्याआधी ओंजळीसारखे हात करून एक टाळी, ‘बुला’ म्हणायचं, एका दमात प्यायचं, करवंटी परत देऊन तीन टाळ्या. चव मातकट असते आणि जीभ बधिर होते, घाबरू नका. जास्त नको असेल तर ‘लो टाइड’ म्हणा, कमी ओततात. त्यावर दारू मात्र घेऊ नका.

बसलेल्या माणसांसमोरून जायचं किंवा कोणाच्या डोक्यावरून हात नेऊन वस्तू घ्यायची वेळ आली तर वाकून ‘तुलोउ’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणा. मुलं कितीही गोड असली तरी डोक्यावरून हात फिरवू नका.

जुडी न आणताच पोहोचलात? मग वेशीवर थांबा, तुरांगा नी कोरो म्हणजे गावप्रमुखाला निरोप धाडा आणि खरं ते सांगा. लोक मार्ग काढतात. गुपचूप आत गेलात तर मात्र तुमच्या यजमानाला खाली मान घालावी लागते.

कामाचा आराखडा घेऊन जाणं

फिजीतली सुमारे 87 टक्के जमीन इतौकेई म्हणजे मूळ फिजीयन समूहांच्या सामाईक मालकीची आहे. किनाऱ्याजवळच्या समुद्रातही गोलिंगोली ही परंपरेने ठरलेली मासेमारीची हद्द असते. त्यामुळे प्रवाळ लावायचं असो, खारफुटी लावायची असो की नुसता गळ टाकायचा असो, आधी विचारावं लागतं. एखादा भाग तांबू, म्हणजे बंद असेल, तर तिथे उतरायचंच नाही.

पहिले काही दिवस काम मिळालं नाही तर संस्थेला तक्रारीचे मेसेज पाठवत बसू नका. पावसाचं पाणी साठवायच्या टाकीची दुरुस्ती, शाळेची रंगरंगोटी, तारोच्या, म्हणजे अळूसारख्या कंदाच्या, शेतात हात लावणं, यातलं काय हवं ते गावाला ठरवू द्या. अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांशी खेळण्याचे कार्यक्रम मी तरी कोणालाही सुचवणार नाही. मुलांना माणसांचा लळा लागतो आणि माणसं सारखी बदलत राहतात. पोलिसांचा दाखला न मागता मुलांसोबत ठेवणारी संस्था तर नकोच.

रविवारी काम काढू नका. दिवस चर्चचा आणि विश्रांतीचा असतो. आरडाओरडा, पोहणं, खेळणंही बऱ्याच गावांत चालत नाही. चर्चला बोलावलं तर जा, गाणं ऐकण्यासारखं असतं.

‘माझा टी-शर्ट कोणी घेतला?’

केरेकेरे ही मागून घेण्याची रीत आहे. नातेवाईक आणि शेजारी एकमेकांकडे वस्तू मागतात आणि नाही म्हणणं जड जातं. कोणी तुमचा टॉर्च मागितला तर त्याला चोरी किंवा लोचटपणा समजू नका. जे परत नाही आलं तरी चालेल तेवढंच वर ठेवा, बाकी बॅगेत. एखाद्या वस्तूचं उगाच तोंडभर कौतुकही करू नका, नाहीतर ती तुमच्याच हातात येईल.

तब्येत आणि पैसे

फिजीत मलेरिया नाही. म्हणून मच्छरदाणी आणि क्रीम घरी ठेवून जाणं चूक, कारण डेंग्यू आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो. प्रवाळाने खरचटलं तर लगेच स्वच्छ पाण्याने धुवा, कण निघाले का बघा, जंतुनाशक लावा. दमट हवेत साधी जखमही चिघळते. पुराच्या पाण्यात अनवाणी चालू नका, लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. ताप आला तर डॉक्टरने सांगेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्या; डेंग्यू असेल तर अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. विम्यात दूरच्या बेटावरून हलवण्याचा खर्च आहे का, ते पॉलिसीत वाचा.

एटीएम शहरात. गावात सुट्टे फिजी डॉलर लागतात, त्यामुळे मोठ्या नोटा मोडूनच बोटीत चढा. चार्जरला तिरप्या चपट्या पिनांचा अडॅप्टर लागेल, विजेचा दाब 240 व्होल्ट.

परतीची बोट आणि विमान एकाच दिवशी

चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. फेब्रुवारी 2016 मध्ये विन्स्टन वादळात 44 जणांचा जीव गेला. पण वादळ लागतंच असं नाही, नुसता वारा वाढला तरी छोट्या बोटी सुटत नाहीत. नांदीहून सुटणाऱ्या विमानाच्या किमान दोन दिवस आधी मुख्य बेटावर या. बोट रद्द झाली तर बोटवाल्याशी वाद घालू नका. तो समुद्र बघून ठरवतो, तुमचं तिकीट बघून नाही.