समीकरण स्क्रीनवर नीट उमटवायचं तर

विद्यार्थ्यांसाठी टिपणं लिहायला लागले तेव्हा मी प्रत्येक समीकरणाचा फोटो काढून चिकटवायचे. मोठा केला की तो फाटायचा, आणि स्क्रीनरीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या एका मुलाला तर त्या जागी काहीच ऐकू यायचं नाही. त्याच्यासाठी फोटो सोडले, ते कायमचे.

आता समीकरण लॅटेकमध्ये, म्हणजे गणित लिहायच्या मजकुरी आज्ञांमध्ये, टाइप करते. ब्राउझरमध्ये ते उमटवायला मॅथजॅक्स आणि केटेक अशा दोन मोफत लायब्ररी आहेत. मॅथजॅक्सची स्क्रिप्ट वेबपानाच्या एचटीएमएल कोडमधल्या हेड भागात जोडली की झालं; केटेकला स्टाइलशीट आणि ऑटो-रेंडरची स्क्रिप्टही लागते. मी मॅथजॅक्स घेते, कारण त्यात समीकरणाचा एकेक भाग ऐकत पुढे सरकता येतं.

समीकरण वेगळ्या ओळीत हवं असेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन डॉलर. वाक्याच्या ओघात हवं असेल तर बॅकस्लॅश आणि गोल कंस. एकेरी डॉलर मुळात बंद असतो.

खरी काळजी महिरपी कंसांची घ्या. वर्गसमीकरणाचं सूत्र लिहिताना बॅकस्लॅश फ्रॅक, मग पहिल्या कंसात अंश आणि दुसऱ्यात छेद. अंशात उणे बी, बॅकस्लॅश पीएम (अधिक-उणे), बॅकस्लॅश एसक्यूआरटी (वर्गमूळ), आणि आणखी एका महिरपी कंसात बी वर्ग उणे चार एसी. हा आतला कंस राहिला की वर्गमुळाची रेघ एकट्या बीवर थांबते. माझ्या हातून एकदा तो राहिला, आणि एका मुलीने सूत्र जसंच्या तसं उतरवून पूर्ण गणित सोडवलं. तिची पायरीन् पायरी बरोबर होती, सूत्र माझं चुकलेलं. दोन अंकी घातांकाचंही तेच: कंस नसेल तर १० चा १२ वा घात लिहिताना १ वर चढतो आणि २ खालीच राहतो.

'पेक्षा लहान' या चिन्हाला लागून अक्षर आलं तर ब्राउझर त्याला टॅग समजतो आणि पुढचा मजकूर गिळतो. त्याऐवजी बॅकस्लॅश एलटी लिहा. सूत्रात 'वेग', 'अंतर' असे मराठी शब्द घालायचे तर ते बॅकस्लॅश टेक्स्टच्या कंसात, नाहीतर काना-मात्रा अक्षरांपासून सुटतात.

शेवटी फोनवर उघडून बघा. लांब समीकरण उजवीकडे कापलं जात असेल तर अलाइन्ड ही ओळी जुळवून मांडणारी लॅटेकची रचना वापरून तोडा: प्रत्येक बरोबरच्या चिन्हाआधी अँपरसँड, ओळीच्या शेवटी दोन बॅकस्लॅश. मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर मांडायच्या पद्धतीत) लिहीत असाल तर बऱ्याचदा दोनातला एक बॅकस्लॅश वाटेतच गळतो. तिथे चार टाका.