तीस सेकंदांचं चित्र दाखवताना

हौशी चित्रकारांच्या ऑनलाइन गटात नवीन माणूस आला की पहिल्यांदा टाकतो ते त्याचं सगळ्यात घोटीव चित्र. त्यावर ‘कडक’, ‘एक नंबर’ असे शेरे पडतात आणि विषय तिथेच मिटतो. टायमर लावून काढलेली माणसांच्या पोझेसची झटपट स्केचेस टाकणाऱ्याला कौतुक कमी मिळतं, पण कामाचं बोलणं जास्त मिळतं. माझा मुक्काम बरीच वर्षं या दुसऱ्या गोटात आहे. नव्यांना मी सगळ्यात आधी एवढंच सांगते, की चित्राच्या कोपऱ्यात वेळ लिहा. ‘३० सेकंद’, ‘२ मिनिटं’, जी असेल ती. वेळ माहीत नसेल तर स्केचवर कुणी धड बोलूच शकत नाही. दहा मिनिटांच्या चित्रात हाताला बोटं नसतील तर ‘का नाहीत’ असं विचारता येतं. तीस सेकंदांच्या चित्रात बोटं दिसली तर मात्र उलटं विचारावं लागतं, बाबा रे, यात बाकीचं अंग कधी काढलंस?

सरावाची एक रुळलेली बैठक अर्ध्या तासाची असते. ३० सेकंदांच्या दहा पोझेस, मग एका मिनिटाच्या पाच, पाच मिनिटांच्या दोन आणि शेवटी दहा मिनिटांची एक. ‘लाइन ऑफ ॲक्शन’ किंवा ‘क्विकपोझेस’सारख्या साइटवर फोटो आणि टायमर दोन्ही तयार मिळतात, त्यामुळे फोटो शोधण्यात संध्याकाळ जात नाही.

प्रत्येक वेळेकडून अपेक्षा वेगळी ठेवायची. तीस सेकंदांत डोक्यापासून पाठीच्या कण्यातून भार पेलणाऱ्या पायापर्यंत जाणारा एक बाक पकडला की झालं. मिनिटभरात खांदे आणि कंबर कुणीकडे कललीत ते दाखवता येतं. एका पायावर भार देऊन उभ्या राहिलेल्या माणसाची त्या बाजूची कंबर वर जाते आणि त्याच बाजूचा खांदा बहुतेक वेळा खाली येतो. पाच मिनिटं मिळाली तर छाती, कंबर, डोकं यांचे ठोकळे बसवायचे. प्रमाण मोजत बसायची चैन दहा मिनिटांतच परवडते. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणाऱ्या किमॉन निकोलाइडिस (१८९१–१९३८) यांचा जेश्चर ड्रॉइंगमधला, म्हणजे हालचाल पकडणाऱ्या झटपट रेखाटनातला, आग्रह असा, की माणूस दिसतो कसा यापेक्षा तो करतोय काय ते आधी काढा. टॅब्लेटवर काढतानाही हे तसंच्या तसं लागू पडतं.

टॅब्लेटच्या काही खोड्या मात्र कागदाला नाहीत. पहिली खोड अनडूची. मिनिटभराच्या पोझमध्ये वीस सेकंद रेघ मागे घेण्यातच जातात आणि हाताला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून सरावापुरतं अनडू वर्ज्य. चुकलेली रेघ राहू द्यायची, तिच्या शेजारी दुसरी मारायची. मग बघणाऱ्यालाही हात कुठे अडखळला ते दिसतं. दुसरी खोड झूमची. चित्र मोठं केलं की डोळा नाकात अडकतो. पूर्ण कॅनव्हास दिसत राहील एवढंच ठेवावं. लेयर (चित्राचा थर) एकच, ब्रश एकच. रेघ आपोआप गुळगुळीत करणारा स्टॅबिलायझर अगदी कमी किंवा बंद, कारण तो वाढवला की रेघ हाताच्या मागून रेंगाळत येते आणि झपाट्यानं मारलेल्या रेघेतला जोर निघून जातो. आरसा मात्र वापरा. क्रिटा या चित्रकलेच्या ॲपमध्ये एम ही कळ दाबली की चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं दिसतं आणि मघाशी ताठ वाटलेला माणूस एका अंगाला कललेला निघतो. पण हे टायमर संपल्यावर.

आता देवाणघेवाणीकडे येते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

आमच्या गटात एकानं रस्सीखेच खेळणाऱ्या गड्याचं दोन मिनिटांचं स्केच टाकलं होतं. दंड छान, चेहऱ्यावर आवेश, खाली सगळ्यांची वाहवा. तरीही चित्रात काहीतरी खटकत होतं. गडी ओढतोय असं वाटत नव्हतं, दोर हातात धरून फोटोला उभा राहिल्यासारखा दिसत होता. एका बाईंनी परवानगी विचारून त्यावर वेगळ्या लेयरवर एकच लाल रेघ मारली. गळ्याखालच्या खाचेतून ओळंबा सोडावा तशी सरळ खाली. स्केचमध्ये ती दोन पावलांच्या मधोमध पडली. मग हीच रेघ मूळ फोटोवर मारली, तर ती टाचांच्याही बरीच मागे पडली. फोटोतल्या गड्यानं स्वतःला मागे झोकून दिलं होतं आणि दोराच्या ताणामुळेच तो पडत नव्हता. चित्रातला गडी दोर सोडला तरी तसाच उभा राहिला असता. दंड, आवेश, कशालाच हात लावायची गरज नव्हती. सगळं धड दहा-पंधरा अंशांनी मागे जायला हवं होतं.

ही प्रतिक्रिया शक्य झाली ती तीन गोष्टींमुळे. शेजारी मूळ फोटो होता, कोपऱ्यात वेळ होती आणि टाकणाऱ्यानं प्रश्न विचारला होता, ‘ताण का दिसत नाहीये?’ नुसतं ‘कसं वाटलं, सांगा’ असं लिहिलं की लोक ‘छान’ म्हणून पुढे जातात आणि त्यात त्यांचा दोष नाही. आधीच ‘घाईत काढलंय, हात बसलेला नाही’ असं गाऱ्हाणं घातलं, तर समोरचा चित्र सोडून तुमची समजूत काढत बसतो. फोटो दुसऱ्याचा असेल तर तो वापरायची मुभा आहे का ते बघा आणि श्रेय द्या.

आणि हो, निवडून निवडून चांगलं तेवढंच टाकू नका. बैठकीतलं अख्खं पान टाका. दहापैकी सात आकृत्यांची डोकी मोठी आलीत हे पानावरच दिसतं, एकट्या चित्रात तो अपघात वाटतो. काढतानाचा व्हिडिओ असेल तर सोन्याहून पिवळं. प्रोक्रिएट हे ॲप टाइमलॅप्स आपोआप नोंदवतं, क्रिटात रेकॉर्डर स्वतः चालू करावा लागतो. पाच मिनिटांतली तीन मिनिटं चेहऱ्यावर गेली, ही गोष्ट पूर्ण झालेल्या चित्रातून कुणालाच ओळखता येत नाही.

दुसऱ्याच्या चित्रावर बोलणं हा अर्धा सराव आहे, असं माझं मत. नवीन आहोत म्हणून गप्प बसायचं कारण नाही. तोल जातोय की नाही हे सांगायला स्वतःला सुंदर काढता यावं लागत नाही. फक्त मोठ्याकडून लहानाकडे या. आधी तोल आणि बाक, मग ठोकळे, मग प्रमाण, तपशील सगळ्यात शेवटी. एका वेळी एक गोष्ट. आठ चुका मोजून दाखवल्या की ऐकणारा त्यातली एकही दुरुस्त करत नाही. जमलेलं काही असेल तर तेही नेमकं सांगा. ‘डाव्या पायावरचा भार पटतो’ हे वाक्य ‘मस्त’पेक्षा कितीतरी उपयोगाचं. दुसऱ्याच्या चित्रावर वरून काढून दाखवायचं तर आधी विचारा. काहींना ते आवडत नाही आणि तो त्यांचा हक्क आहे.

काही लोक फक्त टोचायला येतात. ‘ॲनाटॉमी शिका आधी’ या वाक्यात दुरुस्त करण्याजोगं काहीच नसतं. त्यावर वाद घालू नका, ‘नेमकं कुठे?’ एवढं विचारा. उत्तर आलं तर फायदा तुमचाच, नाही आलं तर विषय संपला.

प्रतिक्रिया मिळाली की तीच पोझ पुन्हा काढा आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून टाका. इथे बरेच जण एक सवलत घेतात, ती घेऊ नका. पहिलं स्केच दोन मिनिटांचं असेल तर दुसरंही दोन मिनिटांचंच हवं. पाच मिनिटं घेतली तर चित्र सुधारणारच, पण ते सांगितलेल्या गोष्टीमुळे सुधारलं की वाढीव तीन मिनिटांमुळे, हे ना तुम्हाला कळेल ना सांगणाऱ्याला.